उत्प्रेरकाचा अंगारा

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आता मोडीत निघाली आहे म्हणतात. तसा ठराव कुणी केलेला नाही. पण ऊर्जेवरच्या परिसंवादात, गुंतवणूक परिषदेच्या मंडपात, वाहिन्यांवरच्या चर्चेत जो सूर लागतो त्याचा अर्थ तोच. कोळसा जाळला तर काळा, हे मान्य. पण तोच कोळसा दळून वाफेबरोबर भट्टीत घातला, त्यावर योग्य तो उत्प्रेरक टाकला, की त्याचा स्वच्छ वायू होतो. मग तो शेगडीत जाळा, खतात वापरा, बसच्या टाकीत भरा. धूर नाही, काजळी नाही, परदेशी जहाजाची वाट पाहणं नाही. नैसर्गिक वायू जवळजवळ निम्मा बाहेरून आणावा लागतो, मिथेनॉल तर नव्वद टक्क्यांच्या वर. आणि कोळसा? २०२४-२५ या एका वर्षात देशाने १०० कोटी टनांहून जास्त खणून काढला. दारात विहीर असताना टँकर मागवायचा, हा करंटेपणा नाही तर काय?

या म्हणण्यामागे आता सरकारही उभं आहे. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचं वायूकरण हे केंद्राचं जाहीर लक्ष्य आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्या लाभार्थ्यांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचा प्रकल्पही आहे. म्हणजे विषय विदर्भाच्या अंगणात येऊन ठेपला आहे.

लक्ष्य ठरवायला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. हरकत आहे ती ‘स्वच्छ’ या शब्दाला, आणि त्या शब्दाचा सगळा भार उत्प्रेरकावर टाकण्याला. उत्प्रेरक हे रसायनशास्त्रातलं एक साधं, उपयोगी साधन आहे. त्याचा अंगारा करायचा, कोळशाच्या कपाळी लावायचा आणि भूत उतरलं असं जाहीर करायचं, हा प्रकार विज्ञानाच्या नावाने चालला आहे. शंका काढणाऱ्याला ‘विकासाचा वैरी’ ठरवलं की पूजा सांग होते.

प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या सर्वांत भक्कम रूपात आधी मांडलं पाहिजे. नेहमीच्या पद्धतीत कोळशाचा वायू करायचा तर हवेतून ऑक्सिजन वेगळा काढावा लागतो आणि त्यासाठी अवाढव्य वीजखाऊ संयंत्र लागतं. मग हजार अंशांच्या वरच्या उष्णतेत कोळसा, वाफ आणि ऑक्सिजन एकत्र आणून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण, म्हणजे सिनगॅस, मिळवायचा. तो धुवायचा, गंधक काढायचं, हायड्रोजनचं प्रमाण वाढवायचं, आणि शेवटी निकेलच्या उत्प्रेरकावरून नेऊन मिथेन करायचा. आता कोळशातच पोटॅशियम कार्बोनेट मिसळलं तर? ७०० अंशांच्या आसपासच काम भागतं. वायू होणं, हायड्रोजन वाढणं, मिथेन बनणं या तिन्ही क्रिया एकाच भांड्यात उरकतात. मिथेन बनताना निघणारी उष्णता कोळशाचा वायू करायला कामी येते, त्यामुळे ऑक्सिजनचं संयंत्रही लागत नाही. कागदावर हे इतकं देखणं आहे, की पाहणाऱ्याला कागद खाली ठेवायचं भान राहत नाही.

तो कागद आता खाली ठेवायला हवा.

पहिला दावा असा, की हे नवं, येऊ घातलेलं तंत्र आहे आणि भारताने आत्ता उडी मारली नाही तर गाडी चुकेल. कोणती गाडी? मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले ते कोळशाच्या वायूवर, आणि लालबागच्या गॅस कंपनीची आठवण जुन्या गिरणगावकरांच्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षं येत राहिली. तिथे बंद भांड्यात कोळसा तापवून वायू काढत, उत्प्रेरक नव्हता, हे खरं. पण उत्प्रेरकही काही काल जन्मला नाही. निकेलवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनतो हे फ्रान्सच्या पॉल साबातिए यांनी १९०२ साली दाखवलं, आणि अशाच कामासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. पोटॅशियम आणि सोडियमच्या कार्बोनेटांनी कार्बनवरची वाफेची क्रिया वेगाने होते, हे टेलर आणि नेव्हिल यांनी १९२१ मध्ये मांडलं. फिशर आणि ट्रॉप्श यांनी १९२५ मध्ये जर्मनीत लोखंड-कोबाल्टच्या उत्प्रेरकांवर सिनगॅसचं तेल केलं. आज ज्याला क्रांती म्हणतात ती एकाच भांड्यातली कल्पना एक्सॉन कंपनीने १९७० च्या दशकात हाती घेतली आणि टेक्सासमधल्या बेटाउन इथे रोज एक टन कोळशाचा प्रायोगिक कारखाना चालवून पाहिला.

म्हणजे हे तंत्र शंभर वर्षं प्रयोगशाळेत आणि पन्नास वर्षं कारखान्याच्या दारात उभं आहे. इतका काळ दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला कुणी आत का घेतलं नाही, हा प्रश्न आपल्या उत्साही मंडळींना पडत कसा नाही? साऱ्या जगाची बुद्धी मंद होती, आणि ती तल्लख व्हायला आपली प्रोत्साहन योजना यावी लागली, असं त्यांना सुचवायचं आहे काय?

दुसरा दावा हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे: उत्प्रेरकामुळे कोळसा स्वच्छ होतो. इथे शाळेतलं रसायनशास्त्र पुरतं. बर्झेलियस यांनी उत्प्रेरणाला नाव दिलं १८३५ मध्ये. पुढे ऑस्टवाल्ड यांनी ते नीट उलगडलं आणि १९०९ चं नोबेल मिळवलं. उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो. क्रिया शेवटी कुठे जाऊन थांबणार, त्यात किती काय लागणार आणि किती काय निघणार, हे तो बदलत नाही. खंडाळ्याच्या घाटात बोगदा काढला की प्रवास सोपा होतो, इंधन वाचतं, वेळ वाचतो. पण बोगदा काढला म्हणून पुणं समुद्रसपाटीला येत नाही.

आता हिशेब. कार्बन आणि वाफ यांच्यापासून मिथेन करायचा तर २४ किलो कार्बन आणि ३६ किलो पाणी लागतं. मिळतो १६ किलो मिथेन आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. उत्प्रेरक पोटॅशियमचा असो, निकेलचा असो की उद्या कुणी सोन्याचा काढो, हे आकडे हलत नाहीत. कोळशातला निम्मा कार्बन कारखान्यातच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. उरलेला निम्मा मिथेनमधून तुमच्या शेगडीपर्यंत येतो आणि जळून पुन्हा ४४ किलो कार्बन डायऑक्साइड देतो. एकूण ८८. जमिनीतून आलेला नैसर्गिक वायू तेवढाच जाळला तर ४४. म्हणजे सगळं आदर्श चाललं, कुठे गळती नाही, उष्णता वाया जात नाही, असं धरलं तरीही हा ‘स्वच्छ’ वायू नैसर्गिक वायूच्या दुप्पट घाण करतो. प्रत्यक्षात काहीच आदर्श चालत नाही. नेहमीच्या पद्धतीने कोळशाचा मिथेन करताना कोळशातली साठ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा वायूत उतरते, बाकीची वाटेतच संपते. ड्यूक विद्यापीठाच्या यांग आणि जॅक्सन यांनी २०१३ मध्ये चीनच्या अशा प्रकल्पांचा खाणीपासूनचा हिशेब मांडला, तेव्हा उत्सर्जन नैसर्गिक वायूच्या सुमारे सातपट भरलं.

हायड्रोजन किंवा अमोनियासाठी कोळसा वापरला तर गणित आणखी सरळ होतं: सगळाच्या सगळा कार्बन कारखान्यातच कार्बन डायऑक्साइड होतो. तरीही कोळशाच्या हायड्रोजनला ‘स्वच्छ इंधन’ म्हणणारी व्याख्याने होतात, आणि टाळ्याही पडतात.

‘पण शेगडीत तर धूर नाही ना?’ असं यावर विचारलं जातं. नाही, हे खरंच. गंधक काढलेला, धुतलेला वायू शहरातल्या स्वयंपाकघरात निळ्या ज्योतीने जळतो. मग धूर जातो कुठे? दादरच्या ओट्यावरून उठून तो भद्रावतीच्या शिवारात जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. स्वच्छतेची ही व्याख्या ओळखीची आहे. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला की घर स्वच्छ.

इथे वकील मंडळी शेवटचा हुकमी पत्ता काढतात. कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडू, म्हणतात. वायूकरणात तो घट्ट, वेगळा मिळतो, धुराड्यातून गाळून काढावा लागत नाही, त्यामुळे पकडणं स्वस्त पडतं, हेही ते सांगतात. हे त्यांचं एक म्हणणं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पण पकडला तरी तो अर्धाच, उरलेला अर्धा लाखो शेगड्यांतून सुटणार आहे. आणि पकडलेला ठेवणार कुठे?

भारतीय कोळशात कार्बन ४० टक्के धरला, तर एक टन कोळशाचा मिथेन करताना कारखान्यात सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लक्ष्यातले १० कोटी टन असेच वापरले तर वर्षाला ७ कोटी ३० लाख टन. जगभरातले कार्बन पकडणारे सगळे प्रकल्प मिळून वर्षाला साधारण ५ कोटी टनांची क्षमता राखून आहेत. सगळ्या जगाला जमलं नाही ते आपण एका योजनेच्या पोटकलमात करणार आहोत.

‘दख्खनचा बसाल्ट आहे की!’ असंही ऐकू येतं. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने बसाल्टमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या बहुतेकाचा दगड झाला, हे २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. काम अस्सल होतं. पण तो प्रयोग अडीचशे टनांच्या आतला होता आणि वायू पाण्यात विरघळवून सोडावा लागला. एक टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे २५ टन पाणी लागतं. आपल्या ७ कोटी ३० लाख टनांना त्या हिशेबाने लागेल जवळजवळ ६५ टीएमसी, दरवर्षी. उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसी आहे. समुद्राचं पाणी वापरू म्हणावं, तर भद्रावतीपासून समुद्र कोणत्या बाजूला येतो ते आधी नकाशात पाहावं. पाण्यावाचून परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं. त्या राज्यात वायू दगडात पुरायला धरणभर पाणी देऊ, हे कुणी हसू न येता कसं सांगू शकतो?

तिसरा दावा पाठ्यपुस्तकातूनच उचललेला आहे: उत्प्रेरक क्रियेत खर्ची पडत नाही, म्हणजे एकदा टाकला की काम झालं. पाठ्यपुस्तकातल्या परीक्षानळीत हे खरं आहे. परीक्षानळीत वर्धा खोऱ्यातला कोळसा नसतो.

निकेलला गंधक विषासारखं आहे. सिनगॅसमधलं गंधक दहा लाख भागांत एका भागाच्याही खाली उतरवावं लागतं, नाहीतर निकेल मरतं. म्हणून उणे ४० अंशांच्या आसपास थंड केलेल्या मिथेनॉलने वायू धुण्यासारखे खर्चिक सोपस्कार करावे लागतात. पोटॅशियमला गंधकाची तितकी भीती नाही, त्याचा वैरी वेगळा आहे आणि तो आपल्याकडे मुबलक आहे. त्याचं नाव राख.

भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३५ ते ४५ टक्के. ती वरून चिकटलेली माती नसते की धुतली आणि गेली. कोळशाच्या अंगात भिनलेली असते. ती मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना यांची. पोटॅशियम या जोडगोळीला भेटलं की तिच्याशी कायमचं लग्न लावतं. जे संयुग बनतं ते पाण्यात विरघळत नाही आणि पुन्हा उत्प्रेरक म्हणून कामाला येत नाही. आता हिशेब पाहा. एक टन कोळशात ४०० किलो राख, तिचा चौथा हिस्सा ॲल्युमिना म्हणजे १०० किलो. त्या सगळ्याने पोटॅशियम धरून ठेवलं तर सुमारे १३५ किलो पोटॅशियम कार्बोनेट गिळलं जातं. एक्सॉनच्या पद्धतीत टनाला १५० किलोच्या आसपास ते घालत. म्हणजे अंगारा लावायला घेतला आणि कोळशातल्याच राखेने तो जवळजवळ सगळा खाऊन टाकला, अशी गत होऊ शकते. प्रत्यक्षात सगळी ॲल्युमिना तितकी तत्पर नसते, थोडी दयामाया दाखवते. पण एक्सॉनच्या तंत्रज्ञांनाही अमेरिकेच्या कितीतरी कमी राखेच्या कोळशातून पोटॅशियम परत मिळवायला राख पाण्याने धुवावी लागली, चुन्याबरोबर शिजवावी लागली. आपल्याकडे ती राख चौपट.

दर फेरीत फक्त दहा टक्के पोटॅशियम बुडालं, असं उदारपणे धरू. टनाला १५ किलो, १० कोटी टनांना १५ लाख टन. हे पोटॅशियम आणणार कुठून? भारतात पोटॅशच्या खाणी जवळजवळ नाहीत. शेतकऱ्याला लागणारं म्युरेट ऑफ पोटॅश कॅनडा, रशिया, जॉर्डन, इस्राएल अशा देशांतून येतं. वायूची आयात थांबवण्यासाठी पोटॅशची आयात वाढवायची, आणि तीही उसाच्या, केळीच्या, द्राक्षाच्या पिकाशी स्पर्धा करत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

बरं, पोटॅशियम शोषलेल्या त्या राखेचं काय? ती धुतली तर खारं, अल्कधर्मी पाणी उरतं. न धुता ढीग घातला तर पाऊस धुतो. राखेचे तलाव म्हणजे काय, हे कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांना परिसंवादात येऊन शिकायची गरज नाही.

चौथा दावा: जगाने करून दाखवलं आहे. जगाने काय करून दाखवलं ते पाहूच.

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात बेउला गावाजवळचा ग्रेट प्लेन्स कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला. लिग्नाइटचा सिनगॅस करायचा आणि निकेलच्या उत्प्रेरकावर त्याचा मिथेन, अशी त्याची रीत. खर्च सुमारे २१० कोटी डॉलर, त्यातलं १५० कोटींच्या आसपास कर्ज सरकारी हमीचं. वायूचे भाव पडले आणि १९८५ च्या ऑगस्टमध्ये मालक कंपन्यांनी हात वर केले. कारखाना सरकारच्या गळ्यात पडला. १९८८ मध्ये तो एका वीज सहकारी संस्थेने घेतला, रोख ८ कोटी ५० लाख डॉलरना. तो आजवर टिकला हे खरं. पण भांडवलाचा डोंगर करदात्याने उचलल्यावर आणि पुढे खतं आणि कार्बन डायऑक्साइड विकायला घेतल्यावर. त्याचा कार्बन डायऑक्साइड २००० सालापासून ३३० किलोमीटर नळाने कॅनडातल्या वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो, जमिनीतलं आणखी तेल वर ढकलायला. स्वच्छ कोळशाचा हा जगप्रसिद्ध नमुना तेल काढण्याच्या कामावर आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या सासोलचं नाव तर या मंडळींच्या ओठांवर असतं. तिला जे जमलं ते आपल्याला का जमू नये? सासोलने १९५५ पासून कोळशाचं तेल केलं. पुढे वर्णभेदाच्या राजवटीवर निर्बंध आल्यावर त्या राजवटीचा तो आधार झाला. तिचं सेकुंडाचं संकुल आज जगात एका जागी सर्वाधिक हरितगृह वायू सोडणाऱ्या ठिकाणांत अग्रभागी धरलं जातं. आणि तिच्या पहिल्या कारखान्याचं, सासोलबर्गचं, काय झालं? मोझांबिकचा नैसर्गिक वायू नळाने येऊ लागताच २००४ मध्ये तिथे कोळशाऐवजी तो वायू वापरायला सुरुवात झाली. कोळशाचा वायू करण्याचा जगातला सर्वांत दांडगा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, त्यांनी संधी मिळताच काय निवडलं, हे पुरेसं बोलकं आहे.

मिसिसिपीतल्या केंपर काउंटीचा प्रकल्प आठवतो का? लिग्नाइटच्या वायूवर वीज आणि वर कार्बन पकडणं. खर्च फुगत ७५० कोटी डॉलरपर्यंत गेला. २०१७ च्या जूनमध्ये वायूकरण थांबवून केंद्र नैसर्गिक वायूवर चालवायला घेतलं. २०२१ मध्ये वायूकरणाचं बांधकाम सुरुंग लावून पाडलं.

आणि एकाच भांड्याच्या त्या कल्पनेचं काय? अमेरिकेत २००५ मध्ये ग्रेटपॉइंट एनर्जी नावाची कंपनी तीच घेऊन उभी राहिली. नामवंत गुंतवणूकदार आले. २०१२ मध्ये चीनच्या वानशियांग समूहाबरोबर ४२ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला, शिनजियांगमध्ये मोठा कारखाना होणार होता. त्या गाजावाजातून व्यावसायिक कारखाना उभा राहिला नाही. चीनने मात्र जुन्या पद्धतीने कोळशाचा मिथेन करायला घेतला. दातांग कंपनीच्या इनर मंगोलियातल्या केछी प्रकल्पाचा वायू डिसेंबर २०१३ मध्ये बीजिंगकडे निघाला आणि काही आठवड्यांतच भट्ट्यांच्या अस्तराला गंज चढल्याने उत्पादन थांबवावं लागलं. चीनने काम सोडलं नाही, पुढेही वाढवलं. पण ‘चीन करतो’ हा पुरावा कशाचा? चीन करतो म्हणून ते स्वच्छ आहे, असा निष्कर्ष काढायचा असेल तर मग उत्प्रेरकाचीही गरज नाही.

परदेशचे दाखले नकोत, घरचे घ्या. रामागुंडम आणि तालचेर इथले भारतीय खत महामंडळाचे कारखाने कोळशाच्या वायूवर युरिया करण्यासाठीच बांधले होते. १९८० मध्ये सुरू झाले, अडखळत चालले, तोट्यात बुडाले, १९९९ मध्ये बंद झाले. रामागुंडमला पुन्हा जीव आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांनी तो देशाला अर्पण केला. कशावर चालतो तो? नैसर्गिक वायूवर. तालचेरला मात्र पुन्हा कोळसाच हवा असं ठरलं. कोनशिला २२ सप्टेंबर २०१८ ला बसली. यात गेल, कोल इंडिया आणि चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सही भागीदार आहे. वर्षाला १२ लाख ७० हजार टन युरिया, खर्च १३,२७७ कोटी रुपये. वायूकरणाच्या भागाचं कंत्राट चीनच्या कंपनीकडे गेलं. आणि राखेने भरलेल्या देशी कोळशात पेट्रोलियम शुद्धीकरणातला कोक मिसळायचा, म्हणजे भट्टी नीट चालेल, अशी योजना झाली. आत्मनिर्भरतेच्या या नमुन्यातून २०२४ संपेपर्यंत युरियाचं एक पोतंही बाहेर आलेलं नव्हतं.

‘अंगुळला जिंदालचा प्रकल्प चालतो ना?’ चालतो. तिथे कोळशाच्या वायूने लोहखनिजातून स्पंज आयर्न करतात. पण त्यात मिथेन करायचा नसतो, ना कोळशात पोटॅशियम मिसळायचं असतं. वायूतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन थेट खनिजातला ऑक्सिजन ओढतो. हैदराबादला भेलने जास्त राखेच्या कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल करणारी प्रायोगिक यंत्रणा २०२१ मध्ये चालवून दाखवली. देशी कोळशाला जमेल अशी भट्टी आपल्या लोकांनी घडवली, ही कौतुकाचीच गोष्ट. मात्र पाव टनावरून १० कोटी टनांवर उडी मारणाऱ्याने मधली पायरी तरी दाखवावी.

राहतो तो आयात वाचण्याचा दावा. इथे ही मंडळी एक चलाखी करतात. वायूचा भाव चढला की कोळशाच्या वायूचा हिशेब मांडतात. भाव उतरला की गप्प बसतात. ग्रेट प्लेन्स १९८५ मध्ये बुडालं ते रसायनशास्त्र चुकलं म्हणून नाही, वायू स्वस्त झाला म्हणून. केंपरच्या वेळीही तसंच. असा कारखाना एकदा बांधला की तीस-चाळीस वर्षं चालवावा लागतो, आणि तेवढ्या काळात वायूचा भाव कितीदा तरी चढतो-उतरतो. तो उतरेल तेव्हा तोटा कोण भरणार? प्रोत्साहनाच्या ८,५०० कोटींनंतर पुढच्या बचाव योजनेचे किती कोटी, हे आधी सांगणारा कुणी भेटलेला नाही.

या सगळ्यातून कोळशाचं वायूकरण कधीच, कशासाठीच करू नये असं निघत नाही. युद्ध झालं, वायूचे मार्ग बंद झाले, तर महाग आणि मळका असला तरी देशी वायू लागेल, असं कुणी म्हणालं तर तो प्रामाणिक युक्तिवाद आहे. त्यावर भांडता येतं, किंमत ठरवता येते, मर्यादाही ठरवता येते. पण तसं कुणी म्हणत नाही. कारण ‘महाग आणि मळका’ असं म्हटलं की अनुदान मागताना जीभ अडखळते. म्हणून उत्प्रेरकाचं नाव घ्यायचं. लोकांना ते पूर्ण कळत नाही आणि ते ऐकायला शास्त्रीय वाटतं. अंगाऱ्याचंही असंच असतं. तो कुठल्या राखेचा, हे विचारायचं नसतं.

ते विचारायलाच हवं. पुढच्या प्रत्येक कोनशिलेआधी चार आकडे जाहीर करावेत: एक टन कोळशामागे किती कार्बन डायऑक्साइड निघणार आणि तो नेमका कुठे जाणार, किती पाणी लागणार आणि ते कोणत्या धरणातून, किती उत्प्रेरक दरवर्षी राखेत जाणार आणि तो कोणत्या देशातून येणार, वायूचा भाव किती खाली गेला की कारखाना बंद पडणार. हे आकडे काढायला नवं संशोधन लागत नाही. बर्झेलियस, ऑस्टवाल्ड, एक्सॉन आणि रामागुंडम यांनी त्यातले बरेचसे आधीच काढून ठेवले आहेत. आकडे देता येत नसतील तर निदान फलकावरचा ‘स्वच्छ’ हा शब्द पुसावा आणि तिथे, अनुदानाच्या रकमेच्या अगदी शेजारी, खरं नाव लिहावं: कोळशाचा वायू, देशी, महाग, दुप्पट कार्बनचा.